रमजानच्या बातम्या: डेस्कवर कुठे चुकतं आणि कसं टाळायचं

रात्रपाळी (धागाकर्ता)

रमजान लागला की मराठी छापील आणि ऑनलाइन बातम्यांत ठरावीक चुका ठरावीक जागी होतात. त्यामागे आकस क्वचितच असतो. रात्री साडेदहाला पान सोडायचं असतं, गेल्या वर्षीच्या फाइलमधून चौकट उचलली जाते, फोटो नेटवरून येतो आणि सकाळी वाचकांचे फोन सुरू होतात. डेस्कच्या भिंतीवर चिकटवता येईल असं काहीतरी या धाग्यातून निघावं, म्हणून जाणकारांनी भर घालावी. 'भावना जपा' हे सगळ्यांना माहीत आहे. कुठला शब्द, किती मिनिटं, कुठला फोटो, ते सांगा.

सुरुवात शब्दांपासून करतो.

सगळ्यात जास्त खटकणारा शब्द 'तोडला'. 'खजूर खाऊन हजारोंनी रोजा तोडला' ही ओळ दरवर्षी कुठे ना कुठे छापून येतेच. रोजा तोडणं म्हणजे वेळेआधी, कारण नसताना मोडणं. तो दोष आहे. जाणूनबुजून खाऊन तोडला तर हनफी (आपल्याकडचे बहुतेक सुन्नी मानतात त्या) मतानुसार तो रोजा भरून द्यावा लागतोच, वर सलग साठ रोज्यांचा कफ्फारा, म्हणजे प्रायश्चित्त. संध्याकाळी वेळेवर होतं ते रोजा 'सोडणं' किंवा 'खोलणं'. आपण एकादशी सोडतो तसाच. 'तो'च्या जागी 'सो', एवढीच दुरुस्ती, पण ती केली नाही तर कौतुकाच्या बातमीत हजारो लोकांवर पाप लिहिलं जातं.

'नमाज पठण' मराठीत इतकं रुळलंय की ते काढून टाका म्हणणं व्यर्थ आहे. तरी नमाजात उभं राहणं, झुकणं, सजदा हे सगळं येतं, नुसतं पठण नसतं. 'नमाज अदा केली' लिहावं. पठण कुरआनचं.

प्रत्येक दाढीवाल्याला 'मौलाना' करू नका. नमाज पढवतो तो इमाम, अजान देतो तो मुअज्जिन, अख्खं कुरआन तोंडपाठ असतं तो हाफिज, आणि रमजानात रात्रीची तरावीह, म्हणजे जादा नमाज, पढवायला बहुधा हाफिज असतो. मौलाना, मुफ्ती हे शिक्षणावरून येतं. नाव विचारताना पदही विचारून घ्यायचं, अर्ध्या मिनिटाचं काम.

आणि 'जकात'. मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे जुना जकात नाका उभा राहतो. 'यंदा जकात वाढणार?' असं शीर्षक देऊन खाली दानधर्माची बातमी असेल तर दोन्हीकडचे वाचक वैतागतात. पहिल्या उल्लेखात 'जकात म्हणजे अनिवार्य दान' एवढं टाकावं.

मालेगावकर

चांगला धागा. वेळापत्रकाच्या चौकटीबद्दल लिहितो, कारण बहुतेक फोन तिच्यावरूनच येतात.

मंगळवारचा पेपर घरात पडतो सकाळी सहा-साडेसहाला. तोवर मंगळवारची सहरी, म्हणजे रोजा सुरू होण्याआधीचं पहाटेचं खाणं, संपून तास झालेला असतो. म्हणजे मंगळवारच्या अंकात मंगळवारची सहरी छापली तर तिचा कुणालाही काडीचा उपयोग नाही. उर्दू पेपर काय करतात पाहा: आजचा इफ्तार (संध्याकाळी रोजा सोडण्याची वेळ), उद्याची सहरी. हीच जोडी छापायची. मराठी चौकटीत अजूनही 'आज सहरी, आज इफ्तार' दिसतं, कारण ती पंचांगाच्या सूर्योदय-सूर्यास्ताच्या चौकटीवरून बेतलेली असते.

दुसरं, नुसतं 'सहरी' लिहिलं तर ती सुरू होण्याची वेळ की संपण्याची, हे कळत नाही. ती संपण्याचीच असते. 'सहरी समाप्ती' असं पूर्ण लिहा.

तिसरी चूक सगळ्यात महाग. सहरी सूर्योदयाला संपत नाही, पहाट फुटताना संपते. त्या वेळेला सुबह सादिक म्हणतात, फजरची अजान त्यानंतर होते. आपल्याकडे ती सूर्योदयाच्या साधारण सव्वा तास आधी येते. कुणी नवीन उपसंपादक मोबाइलवरच्या हवामानाच्या अॅपमधून सूर्योदय उचलून 'सहरी ६:५०' छापतो, तेव्हा त्या चौकटीवर विसंबलेल्या माणसाचा रोजा होतच नाही.

पंचांगवाला

मालेगावकरांच्या पुढे गणित जोडतो. आवृत्त्या जास्त असलेल्या पेपरांसाठी.

एक अंश रेखांशाला चार मिनिटं. मुंबई ७२.८५, नागपूर ७९.१. फरक सव्वासहा अंश, म्हणजे पंचवीस मिनिटं. मुंबईच्या आधी पुणे आणि नाशिक चार मिनिटं, छत्रपती संभाजीनगर दहा, सोलापूर बारा, नांदेड अठरा, गोंदिया एकोणतीसच्या आसपास. अक्षांशामुळे ऋतूनुसार काही मिनिटं इकडेतिकडे होतात.

आता नीट लक्ष द्या, चूक कुठल्या बाजूची आहे त्यावर नुकसान ठरतं. मुंबईचं वेळापत्रक नागपूर आवृत्तीत गेलं तर इफ्तार पंचवीस मिनिटं उशिरा. त्यात लोक फक्त ताटकळतात, आणि शेजारच्या मशिदीची अजान ऐकून पेपर बाजूला ठेवतात. पण सहरीची समाप्तीही पंचवीस मिनिटं उशिरा दाखवली जाते, आणि पहाट फुटल्यावर खाल्लं की रोजा गेला. उलट नागपूरचं मुंबईत छापलं तर सहरी लवकर संपते, ते चालून जातं, पण इफ्तार सूर्यास्ताच्या आधी होतो आणि रोजा गेला. म्हणजे दोन्ही दिशांना एक बाजू निभावते आणि दुसरी बुडते. 'पाच-दहा मिनिटांनी काय होतं' हा युक्तिवाद इथे लागू नाही. पुण्यात मुंबईचं छापणं हीसुद्धा चार मिनिटांची चूकच आहे.

आपण संकष्टीचा चंद्रोदय गावागणिक छापतो. तीच रचना इथे वापरायची, नवीन काही शोधायचं नाही.

रात्रपाळी

एकाच शहरातल्या दोन मशिदींच्या तक्त्यांत दोन-तीन मिनिटांचा फरक असतो. मग कुठला घ्यायचा?

पंचांगवाला

कुठलाही एक, पण नावासकट. फरक दोन कारणांनी पडतो. पहाट धरताना सूर्य क्षितिजाखाली किती अंश मानायचा यात मतं आहेत. भारतीय उपखंडात बहुधा १८ अंश, अमेरिकेत काही ठिकाणी १५. शिवाय काही तक्त्यांत खबरदारीची दोन-तीन मिनिटं आधीच मिळवलेली असतात. त्यामुळे दोन तक्त्यांची सरासरी काढू नका, आणि 'सेफ साइड' म्हणून स्वतःची मिनिटं तर अजिबात घालू नका. 'अमुक मशिदीच्या वेळापत्रकानुसार' एवढी ओळ चौकटीखाली असली की वाचक स्वतःचा हिशेब करतो.

भेंडीबाजार

शिया वाचकांसाठी एक ओळ हवीच. त्यांच्यात सूर्य बुडाल्यावर पूर्वेकडची लाली जाईपर्यंत थांबतात, म्हणजे दहा-पंधरा मिनिटं पुढे. काही उर्दू वेळापत्रकांत वेगळा रकाना असतो. मराठीत जागा नसेल तर चौकटीवर 'सुन्नी वेळापत्रक' लिहा, संपलं.

दाऊदी बोहरांचं आणखी वेगळं. त्यांची मिसरी तारीख हिशेबाने आधीच ठरलेली असते, चांद बघावा लागत नाही. त्यांचा रमजान नेहमी ३० दिवसांचा, आणि बहुतेक वर्षी इतरांच्या एक-दोन दिवस आधी लागतो. त्यामुळे 'आजपासून देशभर रमजान सुरू' हे वाक्य छापून येतं त्या दिवशी बोहरा मोहल्ल्यात दुसरा किंवा तिसरा रोजा असतो. ईदचंही तसंच. स्मार्त आणि भागवत एकादशी दोन दिवशी आल्या तर आपण 'घोळ' म्हणत नाही ना? मग 'ईदच्या तारखेवरून मुस्लिमांमध्ये मतभेद' असली शीर्षकं देऊ नका. हा मतभेद नव्हे, दोन पद्धती आहेत.

साधा_प्रश्न

एक विचारू? बाकी कुठल्या धर्माच्या उपवासासाठी आपण एवढं करतो का? श्रावणी सोमवारी कुणी डेस्कवर तक्ते लावत नाही. मला हे जरा जास्तच जपणं वाटतं.

मालेगावकर

साधा_प्रश्न, श्रावणी सोमवारी तक्ता लागत नाही कारण डेस्कवरच्या दहातल्या नऊ जणांच्या घरी तो पाळला जातो. 'सोमवारी भाविकांनी साबुदाण्याची खिचडी खाऊन उपवास मोडला' असं कुणी लिहिलं तर प्रूफ वाचणारा डोळे मिटून पकडेल. रमजानच्या बातमीला तो पकडणारा डोळा डेस्कवर नसतो, म्हणून कागद लागतो. यात जपण्यापेक्षा प्रूफरीडिंग जास्त आहे.

साधा_प्रश्न

मान्य. खिचडीचं उदाहरण पटलं.

पंचांगवाला

चांदबद्दल कुणी लिहायच्या आत लिहून टाकतो, कारण इथे पहिलं पान अडकतं.

महिना २९ किंवा ३० दिवसांचा. २९ व्या संध्याकाळी कोर दिसली तर उद्या ईद, नाही दिसली तर ३० वा रोजा. अमावास्या संपली म्हणजे महिना लागला, असं नाही. कोर डोळ्यांना दिसायला हवी. २०२४ आणि २०२५ शेजारी ठेवले की लगेच कळतं. २०२४ मध्ये अमावास्या ८ एप्रिलच्या रात्री बाराच्या सुमारास संपली. ९ एप्रिलला गुढीपाडवा. त्या संध्याकाळी चंद्र जेमतेम १९ तासांचा, महाराष्ट्रात दिसला नाही, ३० रोजे झाले, ईद ११ एप्रिलला. केरळ आणि काश्मीरमध्ये मात्र ईद १० लाच झाली. २०२५ मध्ये अमावास्या २९ मार्चला दुपारी साडेचारच्या सुमारास संपली, ३० ला पाडवा, आणि त्या संध्याकाळी कोर २६ तासांची. दिसली. २९ रोजे, ईद ३१ मार्चला. एका वर्षी पाडव्यानंतर दोन दिवसांनी, दुसऱ्या वर्षी लगेच दुसऱ्या दिवशी.

म्हणून २९ व्या रोज्याला पान एकची दोन रूपं तयार ठेवायची. कोर सूर्यास्तानंतर साधारण तासाभरात मावळते, मग साक्षी गोळा होतात, चांद समितीची घोषणा बहुधा आठ-नऊपर्यंत येते. शहर आवृत्तीला हे जमतं. बाहेरगावी जाणारी डाक आवृत्ती आधीच सुटते. तिच्यात 'चंद्रदर्शन झाल्यास सोमवारी, अन्यथा मंगळवारी' हेच. तिथे धाडस नको. खगोलशास्त्राच्या अॅपवर कोर 'दिसू शकते' असं आलं म्हणून 'चांद दिसला' लिहायचं नाही. आणि सौदीत ईद जाहीर झाली म्हणून इथे उद्या, असंही नाही. आपल्याकडे बहुतेक वेळा एक दिवस नंतर असते. संध्याकाळी सहाला फिरणारे फॉरवर्ड सौदीचेच असतात.

अवांतर: ग्राफिकमधली कोर बघा. संध्याकाळी पश्चिमेला दिसणारी नवी कोर उजवीकडून उजळलेली असते, आणि या ऋतूत आपल्या अक्षांशावर ती होडीसारखी, टोकं वर करून पडलेली दिसते. इंग्रजी सी-सारखी कोर ही महिना संपतानाची, पहाटेची. रमजान मुबारकच्या निम्म्या पोस्टरांवर संपत आलेला चंद्र असतो.

खाडीपलीकडे

रात्रीच्या हिशेबाबद्दल. इस्लामी दिवस मगरिबपासून, म्हणजे सूर्यास्तापासून सुरू होतो. त्यामुळे पहिली तरावीह पहिल्या रोज्याच्या आदल्या रात्री होते. 'उद्यापासून रमजान, उद्या रात्रीपासून तरावीह' हे चूक. आज चांद दिसला तर आजच तरावीह.

हाच घोळ शब-ए-कद्रचा, म्हणजे रमजानमधल्या सगळ्यात पवित्र रात्रीचा. सत्ताविसावी रात्र म्हणजे सव्विसाव्या रोज्याची संध्याकाळ. सत्तावीस तारीख बघून सत्ताविसाव्या रोज्याच्या संध्याकाळी बातमीदार मशिदीत पोचतो, तेव्हा रोषणाई उतरवायचं काम चाललेलं असतं.

आणि फितऱ्याची रक्कम. हे ईदच्या नमाजाआधी माणशी द्यायचं दान. हनफी घरांत ते गव्हाच्या हिशेबाने, साधारण पावणेदोन किलो गव्हाच्या भावाने काढतात. काही उलेमा (धर्मपंडित) दोन किलोच्या वर धरतात. आम्हा कोकणी मुस्लिमांत शाफई पद्धत, त्यात तांदळाचा हिशेब आणि माप मोठं, अडीच किलोच्या आसपास. म्हणून मुंबईची रक्कम रत्नागिरीत छापली की दोन चुका होतात, भावाची आणि मापाची. ज्या शहराच्या उलेमांनी जाहीर केली त्या शहराचं नाव लिहा.

जकातीचं प्रमाण अडीच टक्के, म्हणजे चाळिसावा भाग. पण पगारावर नव्हे. निसाबपेक्षा जास्त शिल्लक वर्षभर राहिली तर त्या शिलकीवर. निसाब म्हणजे ८७.४८ ग्रॅम सोनं किंवा ६१२.३६ ग्रॅम चांदी. 'उत्पन्नाच्या अडीच टक्के' असं छापून येतं, ते चूक. वर्ष चांद्र, ३५४ दिवसांचं.

शटरबंद

फोटोग्राफरसाठी.

नमाज पढणाऱ्याच्या समोरून जायचं नाही. ही शिष्टाचाराची बाब नाही, त्याच्या आणि सजद्याच्या जागेच्या मधून कुणी गेलं तर नमाजात व्यत्यय मानतात. म्हणजे फ्रेम समोरून हवी असेल तर नमाज सुरू व्हायच्या आधी जागा धरायची आणि शेवटचा सलाम फिरेपर्यंत, म्हणजे नमाज संपेपर्यंत, तिथून हलायचं नाही. ओळीला सफ म्हणतात; बाजूच्या भिंतीला टेकून, सफेच्या टोकापासून, लांब लेन्सने सगळं मिळतं. फ्लॅश बंद, कॅमेऱ्यात असेल तर सायलेंट शटर. परवानगी मशिदीच्या ट्रस्टींकडून दुपारीच घ्यायची, इशाच्या, म्हणजे रात्रीच्या नमाजाच्या, वेळी दारात नाही.

सजद्यातल्या माणसांचे पाठीमागून, खालून काढलेले फोटो छापू नका. पाऊलं आणि पार्श्वभाग, एवढंच दिसतं. देवळातल्या दंडवताचा असा फोटो आपण कुणाचाही छापत नाही. तोच क्षण बाजूने काढला की कपाळ जमिनीला टेकलेलं दिसतं आणि चित्र उभं राहतं.

नमाजाला पर्याय शोधा. इफ्तारच्या आधीची शेवटची दोन मिनिटं सगळ्यात बोलकी असतात: दस्तरख्वान (जेवणाचं अंथरलेलं कापड) मांडलेला, फळांचे काप, खजूर हातात धरलेला, पण तोंडात नाही, सगळ्यांचे कान अजानकडे. कुणी रुहअफजाच्या जगमध्ये चमचा फिरवत असतो तेवढाच आवाज. तो फोटो मिळाला की बाकी शंभर फोटो फेकून द्या.

मुलांचे टोपीतले फोटो गोड असतात म्हणून दरवर्षी तेच. आईवडिलांना विचारून घ्या, आणि 'चिमुकल्याने ठेवला कडक रोजा' लिहिण्याआधी वय बघा. वयात येण्याआधी रोजा बंधनकारक नाही.

पान_तीन

जुन्या फोटोंच्या फाइलबद्दल भर. 'मुस्लिम' नावाचा एकच फोल्डर असतो आणि त्यात ताजिया, हज, उरूस, ईद सगळं एकत्र. मग रमजानच्या पानावर मोहरमचा ताजिया येतो. मोहरम हा शोकाचा प्रसंग; 'मोहरमच्या हार्दिक शुभेच्छा' ही जाहिरात दरवर्षी कुणीतरी नगरसेवक देतोच, पण निदान ती घेणाऱ्या विभागाने फोन करून विचारावं. फोल्डर सण आणि वर्षाप्रमाणे वेगळे करा, अर्ध्या दिवसाचं काम आहे.

मथळ्यात अरबी अक्षरं टाकायची हौस असते. मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये अरबीचं सेटिंग चालू नसेल तर अक्षरं सुटी पडतात आणि क्रम उलटा होतो. 'रमजान'च्या जागी 'न ज म र' असं काहीतरी निरर्थक छापलं जातं, आणि डेस्कवर कुणालाच वाचता येत नसल्याने कुणी पकडत नाही. इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी पॅरग्राफ कंपोझर चालू केला की अक्षरं जुळतात. तरी उर्दू वाचणाऱ्या एकाला पानाचा फोटो पाठवून विचाराच.

कुरआनची आयत अरबीत मात्र छापू नका, कितीही सुंदर दिसली तरी. पेपर संध्याकाळी रद्दीत जातो, दुसऱ्या दिवशी भेळेची पुडी होतो. गणपतीचा फोटो असलेला कागद पायाखाली आला की आपण उचलतो, तसंच ते. अर्थ मराठीत द्या, कुणाची अडचण नसते. आणि प्रेषितांचं चित्र नाही. रेखाचित्र नाही, सावली नाही, एआयने काढलेलं तर नाहीच. लेखाला चित्र हवंच असेल तर इमारत किंवा सुलेखन.

बूममाईक

टीव्ही आणि यूट्यूबवाल्यांसाठी. आवाजाच्या चुका छापील चुकांपेक्षा जास्त बोचतात.

अजान हा 'माहोल' नाही. तिच्यावर निवेदन चढवायचं नाही, मध्येच कापून जाहिरात लावायची नाही. पूर्ण लावता येत नसेल तर लावूच नका. बाजाराचा आवाज, भांड्यांचा, गर्दीचा, खूप काही असतं. नमाजाच्या दृश्यांखाली कव्वाली घालणं ही जुनी खोड. दर्गा आणि मशीद एकच, अशी समजूत असते त्यातून ती येते. कुरआनचं पठण तर पार्श्वसंगीत म्हणून कधीच नाही.

मुलाखतीची वेळ सकाळी दहा ते बारा, किंवा तरावीह झाल्यावर रात्री दहाच्या पुढे. वीस रकात (नमाजाची आवर्तनं) तरावीहला इशासकट दीड तास धरा. संध्याकाळी पाच ते सात हा वेळ घरात स्वयंपाकाचा आणि बाहेर घरी पोचायच्या घाईचा. त्यात बाईट मागू नका. इफ्तारनंतर पाच-दहा मिनिटांत मगरिबची नमाज उभी राहते, म्हणजे तेवढ्यात माणूस दोन खजूर आणि पाणी घेतो. त्या पाच मिनिटांत तोंडापुढे बूम धरून 'कसं वाटतंय?' विचारणारे आहेत.

संध्याकाळच्या चर्चेला पाहुणा रोजेदार असेल तर टेबलावर पाणी आणि खजूर आधीच ठेवा आणि ब्रेक त्या मिनिटाला लावा. पाहुणा ज्या शहरात बसलाय तिथली वेळ धरायची, स्टुडिओची नव्हे. दिल्लीत मार्चच्या मध्याच्या सुमारास सूर्य मुंबईच्या सतरा-अठरा मिनिटं आधी मावळतो. दिल्लीच्या घड्याळाने 'आता आपण इफ्तार करू शकता' असं मुंबईच्या पाहुण्याला सांगितलं की तो कसनुसं हसतो.

खाद्यभ्रमंतीवाल्यांनो: मोहम्मद अली रोडला किंवा कोंढव्यात संध्याकाळी सहाला पोचून दुकानदाराला 'भाईजान, आप भी टेस्ट करके बताओ' म्हणू नका. तुम्ही खा, त्यावर कुणाचा आक्षेप नसतो. खरा बाजार तरावीहनंतर भरतो, तेव्हाच जा; चित्रणही तेव्हाच चांगलं होतं.

रात्रपाळी

आता अवघड भाग. 'रोजा नाही का?' हा प्रश्न. क्रिकेटपटू शमीच्या बातमीवर बोलूया का?

मालेगावकर

बोलायलाच हवं. ४ मार्च २०२५, दुबई, चॅम्पियन्स ट्रॉफीची उपांत्य लढत, भारत विरुद्ध ऑस्ट्रेलिया. मोहम्मद शमी सामन्यात पेय पिताना दिसला. बरेलीच्या एका मौलानांनी त्याला गुन्हेगार म्हटलं, आणि ते वाक्य चॅनेलांवर दिवसभर फिरलं. मग प्रतिक्रियांच्या बातम्या, मग प्रतिक्रियांवरच्या प्रतिक्रिया.

या बातमीत दुसऱ्या परिच्छेदात जायला हवी होती ती ओळ कित्येक ठिकाणी दहाव्यात होती किंवा नव्हतीच: प्रवासी आणि आजारी यांना रोज्यातून सूट आहे, नंतर भरून काढता येतो. ही सूट थेट कुरआनात, दुसऱ्या सूरेच्या १८४ आणि १८५ व्या आयतीत आहे. अनेक उलेमांनी त्याच दिवशी तेच सांगितलं. एका माणसाचं मत 'मुस्लिम धर्मगुरू भडकले' या अनेकवचनात गेलं, तिथे बातमी बिघडली.

खाडीपलीकडे

पण तिथेही मेख आहे. हनफी मतात पंधरा किंवा जास्त दिवस एका ठिकाणी राहायचा इरादा असेल तर माणूस प्रवासी उरत नाही. शाफईंत तर चार दिवसच. भारताचे सगळे सामने दुबईतच होते, २० फेब्रुवारीपासून, आणि अंतिम सामना ९ मार्चला. आता अंतिम फेरीत पोचणार की नाही यावर मुक्कामाचा इरादा अवलंबून! फिकहच्या, म्हणजे इस्लामी धर्मकायद्याच्या, विद्यार्थ्याला छान प्रश्न आहे.

मालेगावकर

म्हणूनच डेस्कने निकाल द्यायचा नाही, 'सूट आहे' असाही नाही आणि 'गुन्हा आहे' असाही नाही. सवलत काय आहे, तिच्या अटी काय, आणि कोण काय म्हणतं ते नावागावासकट. मुफ्तींचं काम मुफ्तींना.

खेळाडू सार्वजनिक माणूस, त्याचं निदान निभावतं. रस्त्यावरच्या माणसाला कॅमेऱ्यापुढे 'तुमचा रोजा आहे का?' विचारणं त्याहून वाईट. मधुमेही, गरोदर, अंगावर पाजणारी आई, पाळी चालू असलेली बाई, म्हातारी माणसं, यांना सूट आहे, आणि रोजा नसण्याचं कारण कुणाला सांगायचं नसतं. बाईला हा प्रश्न विचारणं म्हणजे काय विचारणं, हे प्रश्न लिहिणाऱ्याने एकदा स्वतःशी म्हणून पाहावं. विचारायचं असेल तर 'तुमच्याकडे इफ्तारला काय असतं?' विचारा, जे सांगायचंय ते माणूस आपणहून सांगतो.

पान_तीन

नावांचा मुद्दा याच ओघात. जुलै २०१४ मध्ये दिल्लीच्या नव्या महाराष्ट्र सदनात शिवसेनेच्या एका खासदाराने कॅन्टीनमधल्या कर्मचाऱ्याच्या तोंडात चपाती कोंबण्याचा प्रयत्न केला, तो कर्मचारी रोजेदार होता. खासदाराचं नाव छापायलाच हवं होतं. पण त्या कर्मचाऱ्याचं नाव आणि छातीवरची पाटी देशभर दाखवायची काय गरज होती? 'कॅटरिंगमधला कर्मचारी' एवढ्याने बातमी पूर्ण होत होती. चूक कुणाची, त्याचं नाव मोठं. झाली कुणावर, त्याचं विचारून.

देरा_दुबई

आखाती देशांतले मराठी व्लॉगर हा धागा वाचत असतील तर एकच: 'दुबईत रमजानात दिवसा काहीच मिळत नाही, पडदे लावून लपून खावं लागतं' हा व्हिडिओ आता जुना झाला. २०२१ पासून दुबईत रेस्टॉरंटांना पडदे लावायची सक्ती नाही. दुसरं, खासगी नोकरीतही दिवसाला दोन तास काम कमी असतं, ते सगळ्यांना, रोजेदार असो वा नसो. हेही 'मुस्लिमांना सवलत' असं सांगितलेलं ऐकलंय.

साधा_प्रश्न

भोंग्यांच्या बातम्यांचं काय? तिथे तर खरा वाद आहे, नुसती प्रूफची चूक नाही.

रात्रपाळी

वाद आहे, तो पूर्ण छापावा. पण शब्द वेगळे ठेवून. अजान म्हणजे हाक, भोंगा म्हणजे यंत्र. एप्रिल-मे २०२२ मध्ये हा विषय तापला, तेव्हा 'अमुक गावात अजान बंद' अशी शीर्षकं गेली. प्रत्यक्षात अजान झाली होती, भोंग्यावर झाली नव्हती. शेजारच्या गावात ते शीर्षक वाचून काय होईल याचा विचार पान सोडणाऱ्याने करायचा.

नियमही नीट द्यावा. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, आणि हे सगळ्यांना लागू. फजरची अजान वर्षातला बराच काळ सहाच्या आधी येते, त्यामुळे प्रश्न प्रामुख्याने तिचा आणि सहरीला उठवण्याच्या पुकाऱ्याचा. दुपारच्या अजानीवर हा वेळेचा नियम लागत नाही. तिथे मुद्दा परवानगीचा आणि डेसिबलचा. हे तीन मुद्दे एका वाक्यात कोंबले की बातमी दोन्ही बाजूंना खोटी वाटते.

आणि २०२० विसरू नये. करोनाकाळातल्या तबलिगी जमात प्रकरणात परदेशी नागरिकांवरचे गुन्हे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्या ऑगस्टमध्ये रद्द केले, तेव्हा छापील आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांनी केलेल्या प्रचारावर निकालपत्रातच ताशेरे होते. तो निकाल मूळातून वाचण्यासारखा आहे. त्या वर्षी रमजान २५ एप्रिलला लागला होता, म्हणजे आधीच्या महिनाभराच्या बातम्या लोकांच्या डोक्यात ताज्या असताना.

असो. आतापर्यंतच्या भरीवरून चौकटीचा नमुना असा करतोय, तपासा:

'रमजान: रोजा १४ वा. आज इफ्तार सायं. __. उद्या सहरी समाप्ती पहाटे __. (नागपूर शहर, सुन्नी, अमुक मशिदीच्या वेळापत्रकानुसार)'

भेंडीबाजार

चालेल. 'इतर गावांसाठी स्थानिक मशिदीची वेळ पाहावी' एवढं बारीक टायपात खाली.

पंचांगवाला

एक राहिलं. २९ व्या रोज्याच्या अंकात 'उद्या सहरी समाप्ती' तशीच सोडू नका. तिच्यापुढे 'चांद न दिसल्यास' घाला. नाहीतर पहिल्या पानावर 'उद्या ईद?' आणि चौथ्या पानावर उद्याची सहरी, असा अंक निघतो.

रात्रपाळी

घातलं. आणि ३० व्याला ती ओळच काढून टाकायची, हेही भिंतीवरच्या कागदात लिहितोय.